जुना ट्रॅक्टर घरी आणताना

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मुरबाड तालुक्यातल्या म्हसा गावची यात्रा आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. पौष पौर्णिमेला ती भरते आणि देवदर्शनाइतकीच बैलांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. तिथं बैल घेणारा शेतकरी कसा वागतो ते पाहण्यासारखं असतं. तो आधी दात बघतो, मग खूर बघतो, खांद्यावरून हात फिरवतो, जनावर चार पावलं चालवून बघतो. विकणारा कितीही गोड बोलला तरी स्वतःच्या डोळ्यांनी खात्री झाल्याशिवाय इसाराला हात घालत नाही. घरी आणतानाही घाई नसते. नवं जनावर आहे, बुजेल, उधळेल, म्हणून सांभाळून, बेताबेतानं आणतो.

हाच शेतकरी, किंवा त्याचा डोंबिवलीत राहणारा नातू, जुना ट्रॅक्टर घ्यायला जातो तेव्हा रंग बघतो, इंजिनाचा आवाज ऐकतो, पैसे मोजतो आणि वर बसून निघतो. आज मला बोलायचंय ते या ‘निघण्या’बद्दल. तीसेक वर्षं मी मुलांना ट्रॅक्टर दुरुस्ती शिकवली. त्या अनुभवावरून माझं मत असं झालंय, की जुन्या ट्रॅक्टरच्या आयुष्यातला सगळ्यात धोक्याचा दिवस नांगरणीचा नसतो, तो मालक बदलण्याचा असतो. त्या दिवशी यंत्र जुनं असतं, चालवणारा नवा असतो, रस्ता अनोळखी असतो आणि प्रत्येकाला घाई असते.

आपल्या भागात जुने ट्रॅक्टर येतात कुठून? बहुतेक घाटावरून. नाशिक, सिन्नर, जुन्नर, ओतूर, आळेफाटा या पट्ट्यात बागायतीमुळे ट्रॅक्टर लवकर आले. तिथला शेतकरी नवा घेतो आणि जुना खाली कोकणपट्टीत उतरतो. इकडे त्याला गिऱ्हाईक तयार असतं. भाताच्या चिखलणीला लागतो, वीटभट्टीवाल्याला लागतो, पाण्याच्या टँकरला लागतो. अलीकडे आणखी एक गिऱ्हाईक वाढलंय. मुरबाड, शहापूर, बदलापूरकडे गुंठ्या-एकराची जागा घेतलेले ठाणे-कल्याणचे नोकरदार. आणि यांच्यातच थोडे हौशी. आजोबांच्या दारात जो ट्रॅक्टर उभा होता अगदी तोच हवा, त्याच रंगाचा हवा, असं म्हणणारे. मला या हौशी मंडळींचं कौतुक आहे. आपल्याकडे जुनी मोटार जपतात, जुन्या फटफट्या जपतात, पण ज्यानं भाकरी दिली तो ट्रॅक्टर मोडीत घालतात.

शिवाय आपल्याकडच्या ट्रॅक्टरांना इतिहासही आहे. १९५९ साली फरिदाबादला आयशरचा पहिला ट्रॅक्टर बाहेर पडला. १९६३ मध्ये महिंद्र आणि इंटरनॅशनल हार्वेस्टर यांच्या भागीदारीत इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी स्थापन झाली, आणि तिचा बी-२७५ हा ट्रॅक्टर इथं जवळ, मुंबईच्या कांदिवलीत तयार होऊ लागला. १९७१ पासून पिंजोरला एचएमटीनं झेटरच्या साहाय्यानं ट्रॅक्टर काढले. मद्रासच्या टॅफेचे मॅसी फर्ग्युसन होतेच. यातला कुठलाही ट्रॅक्टर हातोडा-पान्ह्यानं दुरुस्त होतो, त्यात संगणक नाही, म्हणून तो पन्नास वर्षांनंतरही चालतो. पण ज्या काळात तो बनला त्या काळात चालकाच्या जिवाचा विचार फारसा झालेला नव्हता. त्यामुळे आज नव्या ट्रॅक्टरवर जी काळजी यंत्र स्वतः घेतं, ती इथं आपण घ्यायची असते.

मोटार चालवणाऱ्याला ट्रॅक्टर सोपा वाटतो. स्टिअरिंग आहे, क्लच आहे, गिअर आहे, आणखी काय हवं? पण काही गोष्टी मुळातच वेगळ्या असतात. ट्रॅक्टरला हाताचा ॲक्सिलरेटर असतो. तो जिथं ठेवाल तिथंच राहतो. मोटारीत पाय उचलला की गाडी मंदावते. इथं पाय उचलून काही होत नाही, ट्रॅक्टर त्याच वेगानं पुढं जात राहतो. दुसरं म्हणजे, जुन्या डिझेल ट्रॅक्टरची किल्ली फिरवून इंजिन बंद होत नाही. त्याला वेगळी ओढायची दांडी असते, ती ओढली की डिझेल तुटतं आणि इंजिन थांबतं. कितीतरी जुन्या ट्रॅक्टरांवर ही दांडी तुटलेली असते आणि तिथं तार बांधलेली असते. गडबडीच्या क्षणी नवा माणूस किल्ली फिरवत बसतो आणि ट्रॅक्टर भिंतीत जातो. म्हणून वर बसण्याआधी विकणाऱ्याला पहिला प्रश्न हा विचारावा, की दादा, हा बंद कसा करायचा? चालू कसा करायचा ते तो सांगणारच असतो.

ब्रेकचंही तसंच. साध्या जुन्या ट्रॅक्टरला ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात, आणि त्याची पेडलं दोन असतात, डाव्या चाकाचं वेगळं आणि उजव्याचं वेगळं. शेतात बांधाशी वळताना एकच दाबता यावं म्हणून ही सोय. रस्त्यावर मात्र दोन्ही पेडलं कडीनं जोडून एक करायची असतात. ही कडी शेतातून रस्त्यावर येताना लावायची राहते, किंवा वीस वर्षांपूर्वीच कुठंतरी पडून गेलेली असते. मग वेगात असताना ब्रेक मारला, पाय एकाच पेडलवर पडला, की ट्रॅक्टर जागच्या जागी गर्रकन वळतो आणि आडवा होतो. कडी नसेल तर नवी बनवायला गावच्या लोहाराला तासभर पुरतो. ती बसेपर्यंत ट्रॅक्टर रस्त्यावर काढू नये.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, ट्रॅक्टर मागं उलटणं. बाजूला कलंडणं लोकांना समजतं, पण पुढची चाकं उचलून ट्रॅक्टर चालकाच्या अंगावर पालथा कसा पडतो हे पाहिल्याशिवाय पटत नाही. मागची चाकं चिखलात रुतली, किंवा कोणी उत्साहानं त्यांच्यापुढं ओंडका टाकला, आणि चालकानं क्लच एकदम सोडला. इंजिनाच्या ताकदीला चाकं फिरवता येत नाहीत. मग ती ताकद उरलेला ट्रॅक्टरच चाकांभोवती फिरवायला लागते. साधारण पाऊण सेकंदात तो अशा टप्प्याला पोचतो, की नंतर क्लच दाबूनही उपयोग होत नाही. पाऊण सेकंद म्हणजे ‘अरे’ म्हणेपर्यंतचा वेळ. बंद ट्रॅक्टर किंवा ओंडका ओढताना साखळी उंच ठिकाणी, म्हणजे टॉप लिंकच्या जागी किंवा सीटखाली बांधली तरी हेच होतं. साखळी नेहमी खाली, ड्रॉबारलाच लावायची.

या अपघातांवरचा उपाय जगाला फार पूर्वी सापडलाय. स्वीडननं १९५९ पासून नव्या ट्रॅक्टरवर चालकाभोवती मजबूत पोलादी सांगाडा बंधनकारक केला आणि पुढच्या काळात उलटणाऱ्या ट्रॅक्टरखाली चिरडून होणारे मृत्यू तिथं झपाट्यानं कमी झाले. आपण ज्या जुन्या ट्रॅक्टरांबद्दल बोलतोय त्यांना असा सांगाडा नाही. त्यावर जे छत दिसतं ते उन्हासाठी असतं. अँगल वेल्ड करून बसवलेलं ते छत दोन टनांचा भार पेलत नाही, उलट कोसळताना माणसाला त्यात अडकवतं. आणि एक बारकावा: सांगाडा बसवलेला असेल तर सीटबेल्ट लावलाच पाहिजे, सांगाडा नसेल तर स्वतःला सीटला बांधून घेऊ नये.

खरेदीला जाल तेव्हा काय बघाल? सकाळी जा आणि गेल्या गेल्या इंजिनाला हात लावा. कोमट असेल तर तुमच्या येण्याआधी ते एकदा चालू करून ठेवलंय असं समजा. थंड इंजिन कसं चालू होतं तेच खरं. त्यात लबाडी असेलच असं नाही, पण म्हशीला थान भरलेलं दाखवून विकणारे आपल्याकडे होतेच की. ताज्या रंगाला भुलू नका. ओतीव लोखंडावरची चीर रंगाखाली चांगली झाकते. गिअरपेटी आणि मागच्या धुऱ्याच्या घरावर जिथं रंग जाड वाटेल तिथं जरा खरवडून बघा. मागच्या चाकाच्या आतल्या बाजूनं तेल ओघळलं असेल तर ते सील गेल्याचं लक्षण, आणि तेलात भिजलेला ब्रेक म्हणजे ब्रेक नाहीच. टायरच्या नक्षीपेक्षा त्याच्या कुशीकडे बघा. वर्षानुवर्षं उन्हात उभ्या असलेल्या टायरची नक्षी शाबूत असते आणि कुशीला भेगा असतात. वजनासाठी मागच्या टायरमध्ये पाणी भरलंय का ते विचारा. भरलं असेल तर रिंग आतून गंजलेली असण्याची शक्यता, आणि दोन्ही चाकं मिळून तीनशे किलोच्या वर वजन वाढलेलं. हे वजन पुढं ट्रक ठरवताना लागणार आहे.

मागं फिरणारा पीटीओचा दांडा बघा. त्यावरचं संरक्षक टोपण हरवलेलं असेल तर धोतर, ओढणी, शर्टाचा काठ, काहीही त्यात गुंडाळलं जातं आणि माणूस त्याबरोबर. आणि स्टार्टर. जुन्या ट्रॅक्टरची वायरिंग गेलेली असते, मग मेकॅनिक खाली उभा राहून स्टार्टरच्या दोन टोकांवर स्क्रूड्रायव्हर टेकवतो आणि इंजिन चालू करून दाखवतो. बघणाऱ्याला मोठी कमाल वाटते. ट्रॅक्टर गिअरमध्ये राहिला असेल तर तो तिथूनच चालू पडतो, आणि स्क्रूड्रायव्हर धरणारा माणूस असतो मागच्या मोठ्या चाकाच्या पुढ्यात. तुमच्यासमोर कोणी असं करू लागलं तर हात धरून थांबवा. सौदा मोडला तरी चालेल.

हौशी मंडळींसाठी आणखी एक. जुन्या क्लच प्लेट आणि ब्रेकच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ते खोलून कॉम्प्रेसरच्या हवेनं फुंकायची सवय गॅरेजमध्ये सर्रास आहे. ती धूळ फुप्फुसात कायमची बसते. ओल्या फडक्यानं पुसावी आणि फडकं पिशवीत बांधून टाकून द्यावं.

कागदपत्रांबद्दल थोडक्यातच सांगतो, पण तेही सुरक्षेचंच आहे. आरसी बुकातला चासी नंबर आणि इंजिन नंबर प्रत्यक्ष ट्रॅक्टरवरच्या नंबराशी ताडून बघा. ट्रॉलीची नोंदणी वेगळी असते, तिचे कागद वेगळे मागा. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण लागतं, ते झालंय का बघा. मालक हयात नसेल तर वारसांच्या नावे आधी हस्तांतर व्हावं लागतं. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या बऱ्याच आरसी बुकांवर भूविकास बँकेचा बोजा लिहिलेला सापडतो. त्या बँकेची थकलेली कर्जं २०२२ मध्ये राज्य सरकारनं माफ केली, पण म्हणून बुकावरचा बोजा आपोआप पुसला जात नाही. तो कमी करून घ्यावा लागतो. आणि विकणाऱ्यांनीही ऐकावं. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट केलं, की अपघात झाला तर नोंदवहीत ज्याचं नाव त्याची जबाबदारी. ट्रॅक्टर विकला, पैसे खिशात घातले आणि फॉर्म २९, ३० भरायचे राहिले, तर दोन वर्षांनी कुठल्याशा टँकरच्या अपघाताची नोटीस तुमच्या दारी येऊ शकते. हस्तांतराची खबर विकणाऱ्यानं चौदा दिवसांत आणि घेणाऱ्यानं तीस दिवसांत द्यायची असते, विमाही चौदा दिवसांत नावावर करायला टाकायचा असतो.

पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकींसाठी २०२१ मध्ये केंद्र सरकारनं ‘व्हिंटेज’ नोंदणीची वेगळी सोय केली. अशा वाहनाला रस्त्यावर येण्याची मुभा प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन अशा मोजक्या कामांपुरतीच असते आणि धंद्यासाठी ते वापरता येत नाही. म्हणजे एकाच ट्रॅक्टरनं रविवारी मिरवायचं आणि सोमवारी भाड्यानं विटा वाहायच्या, हे जमणार नाही. आपला ट्रॅक्टर या सोयीत कसा बसेल हे पैसे देण्याआधी ठाण्याच्या किंवा कल्याणच्या आरटीओत विचारून घ्यावं.

आता मुख्य प्रश्न. सौदा ओतूरला झाला, ट्रॅक्टर यायचाय सरळगावला. चालवत आणायचा की ट्रकवर? गिऱ्हाईक हिशेब करतं. ट्रकचं भाडं, चढवण्या-उतरवण्याची मजुरी, आणि इकडे फक्त डिझेल. वर विकणारा म्हणतो, काही होत नाही, आमचा पोरगा आणून सोडेल. श्रोतेहो, मध्ये माळशेज घाट आहे. नाशिककडून आलात तर कसारा घाट आहे. ज्या ट्रॅक्टरचे ब्रेक तुम्ही काल पहिल्यांदा पाहिले, तो घाटातून चालवत उतरवू नका. त्यात मागं ट्रॉली असेल तर मुळीच नको. ट्रॉलीला बहुधा स्वतःचे ब्रेक नसतात. उतारावर ती मागून ढकलत येते, आणि एका वळणावर ट्रॅक्टरच्या पुढं जायला बघते. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरणारे चालक मी पाहिलेत. न्यूट्रलमध्ये इंजिनाची पकड सुटते, सगळा भार त्या दोन जुन्या ब्रेकवर येतो, ते तापतात आणि सुटतात. मग वेग इतका वाढतो की गिअर पुन्हा पडत नाही.

म्हणून ट्रक. आणि भाड्याचा ट्रक ठरवताना वजन सांगा. पस्तीस अश्वशक्तीचा जुना ट्रॅक्टर पावणेदोन ते दोन टन भरतो, टायरमधलं पाणी वेगळं. छोट्या टेम्पोत तो मावतो, पण मावणं वेगळं आणि पेलणं वेगळं. ट्रॅक्टरचं वजन उंचावर असतं. हलका टेम्पो वळणावर त्याच्यासकट झुकतो. खाली बसका प्लॅटफॉर्म असलेला ट्रेलर मिळाला तर सर्वांत उत्तम.

चढवण्याची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण इथंच घात होतो. आपल्याकडची रीत अशी, की ट्रक एखाद्या बांधाला मागं लावायचा, मध्ये फळ्या टाकायच्या आणि एका धाडसी माणसानं ट्रॅक्टर पुढं तोंड करून दणक्यात वर घालायचा. बाकीचे मागं उभे राहून ‘येऊ दे, येऊ दे’ म्हणतात. आठवतं ना, मघाशी सांगितलेलं मागं उलटणं? चढावर तोंड वर करून चढणारा ट्रॅक्टर आधीच अर्धा मागं झुकलेला असतो. त्यामुळे नियम उलटा आहे: ट्रॅक्टर चढवायचा रिव्हर्समध्ये आणि उतरवायचा सरळ. म्हणजे जड मागची बाजू कायम चढाकडे राहते आणि पुढची चाकं उचलली जात नाहीत. सर्वांत लहान गिअर, बेताचा ॲक्सिलरेटर, आणि फळीवर असताना क्लचशी खेळायचं नाही. ट्रकच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावलेले हवेत, नाहीतर ट्रॅक्टरचं चाक टेकताच ट्रक पुढं सरकतो आणि फळ्या खाली पडतात. ट्रकचा हौदा चार फूट उंच असेल तर फळ्या बारा-चौदा फुटांपेक्षा आखूड नकोत. त्या लोखंडी चॅनलच्या, आणि हौद्याला हूकनं अडकवलेल्या असाव्यात. बांधाची कड ओली असेल तर दोन टनांखाली ती ढासळते, तेव्हा पावसाळ्यात बांधाचा नादच सोडावा. आणि मागं-पुढं, बाजूला कोणीही उभं राहायचं नाही. वाट दाखवणारा एकच, तोही लांबून, चालकाला दिसेल असा.

ट्रॅक्टर बंद असेल तर हायड्रा बोलवा. पट्टे पुढच्या आणि मागच्या धुऱ्याला बांधून उचलायचा, बॉनेट किंवा स्टिअरिंगला नाही. उचललेला ट्रॅक्टर डोलू लागला की चार माणसं धावत हातानं धरायला जातात. ते करू नये. दोर बांधून लांबून सावरावा.

वर चढला की काम संपलं असं वाटतं, पण बांधायचा असतो. इंजिन बंद, गिअर टाकलेला, ब्रेकची कडी लावून ब्रेक अडकवलेला, हायड्रॉलिकचे हात खाली, डिझेलची तोटी बंद, बॅटरीची तार काढलेली. चार कोपऱ्यांना चार साखळ्या, दोन पुढं ताणणाऱ्या आणि दोन मागं, धुऱ्यापासून खाली हौद्याकडे खेचलेल्या. मडगार्डला किंवा स्टिअरिंगच्या दांड्यांना बांधलेली साखळी काही धरत नाही. नुसता सुती दोर तर फक्त समाधानासाठी असतो. रबरी चाकं खड्ड्यात दबतात आणि साखळ्या सैल पडतात, म्हणून निघाल्यावर दहा-पंधरा किलोमीटरवर थांबून पुन्हा ताणून घ्यायच्या, आणि घाट उतरण्याआधी आणखी एकदा. ट्रॅक्टरच्या सीटवर बसून येण्याचा आग्रह धरणारा एखादा पोरगा असतोच. त्याला केबिनमध्ये बसवा.

उंचीकडे लक्ष हवं. हौद्याच्या उंचीवर ट्रॅक्टर, त्यावर छत आणि उभा सायलेन्सर, म्हणजे बरीच उंची होते. छत आणि सायलेन्सर आधीच काढून ठेवावेत. वस्त्यांमधून वाकलेल्या विजेच्या तारा असतात, पुलांखाली उंचीचे अडथळे असतात, आणि रेल्वे फाटकापाशी जी उंच आडवी कमान दिसते ती शोभेची नसते. तिच्यापलीकडे पंचवीस हजार व्होल्टची तार आहे. ती तार अंगाला लागावीच लागते असंही नाही, पुरेसं जवळ गेलं तरी वीज उडी घेते. कमानीखालून जाईल की नाही हे बघायला कोणी टपावर चढू नये.

ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत, म्हणजे ठाण्यापासून भिवंडी, कल्याण, डोंबिवली, बदलापूरपर्यंत, अवजड वाहनांना ठरावीक वेळी बंदी असते आणि या वेळा अधूनमधून बदलतात. वाहतूक पोलिसांकडून त्या आधी कळून घ्या. कारण नाहीतर ट्रक पडघ्याला किंवा मुरबाड रस्त्यावर अडकतो, घरी पोचायला रात्रीचे दोन वाजतात, आणि मग ट्रकवाल्याला परत जायची घाई म्हणून मोबाइलच्या उजेडात उतरवाउतरवी सुरू होते. माझं ऐका, थोडे जास्त पैसे द्या आणि ट्रक उजाडेपर्यंत तसाच उभा ठेवा.

जवळच्या जवळ, सपाट रस्त्यानं, पाच-सात किलोमीटरच आणायचा असेल तर चालवत आणायला हरकत नाही. पण दिवसा. ब्रेकची कडी लावून, ट्रॉलीशिवाय, मागं लाल परावर्तक पट्ट्या लावून. मागून एखादी गाडी सोबत ठेवावी. द्रुतगती मार्गांवर ट्रॅक्टरला प्रवेश नसतो, हेही लक्षात असू द्या.

दारात आला की पहिला आठवडा त्याला कामाला लावू नका. सगळी तेलं बदला, ब्रेक खोलून बघा, बंद करायची दांडी नवी करा, पीटीओचं टोपण बसवा. या आठवड्याचा खर्च खरेदीच्या किमतीतच धरलेला असावा. सुट्या भागांची चौकशीही आधीच केलेली बरी, कारण एचएमटीसारखा कारखाना तर आता राहिलेलाच नाही. आणि मडगार्ड ही बसायची जागा नाही, हे घरातल्या सगळ्यांना पहिल्याच दिवशी सांगा, विशेषतः सुट्टीत येणाऱ्या नातवंडांच्या आई-वडिलांना. ट्रॅक्टरला सीट एकच असते. मडगार्डवरून घसरलेलं मूल सरळ मागच्या चाकाखाली जातं, आणि चालवणाऱ्याला ते कळतही नाही.

पूजा मात्र होणारच. नारळ फोडा, हार घाला, स्वस्तिक काढा. घरातल्या सगळ्यांचा ट्रॅक्टरबरोबर फोटोही काढा, कोणी मडगार्डवर बसलं तरी त्या वेळी बसू द्या. फक्त फोटोआधी इंजिन बंद करा, ती दांडी ओढून. गिअर टाका, ब्रेक अडकवा आणि किल्ली आजोबांच्या खिशात द्या.